प्रस्तावना : गेलेली रेघ परत आणताना

टिपणावरून नकाशा कितीही वेळा काढता येतो. नुसत्या नकाशावरून टिपण काढता येत नाही. भूमी अभिलेखाच्या कचेरीत थोडे दिवस जरी कोणी काम केले असेल, तरी त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. संगणकावर ड्रॉइंग काढायचे, दुसऱ्याला पाठवायचे आणि त्याने दुरुस्त केलेले आपल्याकडे परत घ्यायचे, हा ज्यांचा रोजचा उद्योग आहे त्यांना मात्र ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे.

टिपण म्हणजे काय, ते नवख्या वाचकासाठी आधी सांगतो. मुंबई इलाख्यात प्रिंगल या अधिकाऱ्याची जमीन-पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी सुरू केली. १८४७ च्या जॉइंट रिपोर्टने तिचे नियम पक्के झाले आणि ती पद्धत नगर जिल्ह्यासह दख्खनभर पसरली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. या पद्धतीतून पुढे आलेल्या टिपणात मोजणीदार शेतातून एक मूळ रेषा धरी, तिच्यावरून बांधाच्या प्रत्येक वळणाला लंब टाकी, आणि रेषेवर किती साखळ्या-आण्यांवर लंब उभा राहिला व तो किती लांब भरला, एवढे आकडे एका कच्च्या आकृतीवर लिही. आकृती प्रमाणात नसली तरी चाले. कोणता आकडा कशाचा, हे ठरलेले होते. एकक ठरलेले होते. प्रत्येक सर्व्हे नंबराची ओळख ठरलेली होती. म्हणून मोजणीदार कधीचाच निवर्तला, तरी त्याला काही न विचारता दुसऱ्या माणसाला ते शेत कागदावर आणि मग जमिनीवर पुन्हा उभे करता आले.

संगणकातून बाहेर काढलेल्या अभियांत्रिकी माहितीलाही मी हीच कसोटी लावतो. फाइल उघडली, पडद्यावर रेघा दिसल्या, म्हणजे काम झाले असे पुष्कळजण समजतात. ती फाइल पाठवणाऱ्याला फोन न करता दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तीच वस्तू त्याच जागी, त्याच मापाने आणि त्याच ओळखीने उभी केली, आणि मग ती मूळ ड्रॉइंगमध्ये परत घेता आली, तर निर्यात झाली म्हणावे. तोवर तो फक्त फोटो आहे.

पुस्तकातला सराव खर्ड्याच्या शिवारात घेतला आहे. १७९५ ची मराठे-निजाम लढाई आणि निंबाळकरांचा किल्ला यांमुळे खर्डा सगळ्यांना ठाऊक असते. आमच्या विषयाला ते वेगळ्या कारणाने सोयीचे पडते. जामखेड तालुक्याच्या या टोकाला बीड आणि धाराशिव जिल्ह्यांची हद्द लागते. १९४८ पर्यंत पलीकडचा मुलूख निजामाचा होता. म्हणजे दोन शेजारी गावांची जुनी दप्तरे दोन वेगळ्या राज्यांत तयार झाली, आणि आज रस्त्याचा किंवा पाइपलाइनचा एकच आराखडा दोन्हींवरून न्यायचा असतो. दुसरे कारण भूगोलाचे. पृथ्वीचा गोल सपाट कागदावर उतरवण्यासाठी यूटीएम नावाची जी पद्धत सर्रास वापरतात, तिच्या ४३ क्रमांकाच्या पट्ट्याची मध्यरेषा ७५ अंश पूर्व रेखांशावर आहे. खर्डा तिच्या पूर्वेला अर्ध्या अंशाच्या आत पडते. मध्यरेषेला ५,००,००० मीटर हा आकडा मुद्दाम दिलेला असतो, म्हणून खर्ड्याचा पूर्वेचा आकडा साडेपाच लाख मीटरच्या आसपास येतो आणि विषुववृत्तापासून मोजलेला उत्तरेचा आकडा साडेवीस लाखांच्या थोडा वर जातो.

या दोन आकड्यांत काय काय बिघडू शकते, ते पाहण्यासारखे आहे. टोटल स्टेशन किंवा रोव्हर या मोजणीच्या यंत्रांतून बिंदूंची यादी निघते. तिचा क्रम एका ठिकाणी क्रमांक, उत्तर, पूर्व, उंची, वर्णन असा असतो, तर दुसऱ्या ठिकाणी पूर्व आधी आणि उत्तर नंतर. यादीला वर मथळा नसेल आणि घेणाऱ्याने उलटा क्रम निवडला, तर खर्ड्यातला बांधाचा दगड श्रीलंकेच्या पूर्वेला भर समुद्रात जाऊन पडतो. ही चूक मी भल्या स्वभावाची मानतो, कारण ती लगेच दिसते. त्रास देतात त्या न दिसणाऱ्या. यूटीएमच्या मध्यरेषेजवळ कागदावरचे अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरमागे सुमारे ४० सेंटीमीटर कमी भरते, कारण त्या पद्धतीत मध्यरेषेवरचे प्रमाणच ०.९९९६ धरलेले आहे. जामखेडहून खर्ड्याकडे येणाऱ्या रस्त्याची लांबी कोणी टेपने मोजली, कोणी नकाशावरून काढली आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यात बसवले, तर काही किलोमीटरनंतर दोन-तीन मीटरची तफावत निघते. मग ठेकेदार आणि खाते एकमेकांकडे बोट दाखवतात. दोघांचेही आकडे बरोबर असतात.

उंचीचे आणखी वेगळे. उपग्रहावरून मिळालेली उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरून मोजलेली असते, तर बेंचमार्कची उंची समुद्रसपाटीवरून. आपल्याकडे या दोन पृष्ठभागांत साठ-सत्तर मीटरचा फरक आहे. कालव्याला किलोमीटरमागे हातभर उतार देणाऱ्या माणसासाठी साठ मीटर म्हणजे काय, ते सांगायला नको. यादीत रकाना ‘उंची’ एवढाच असतो. कशावरून, ते लिहिलेले नसते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पत्रकांवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या लंबगोलावर मांडलेले आहेत, तर आजचे रोव्हर डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या लंबगोलावर बोलतात. तोच आकडा एकातून उचलून दुसऱ्यात ठेवला, तर जागा शेकडो फूट सरकते. कोणती पद्धत, कोणता पट्टा, कोणते एकक, उंची कशावरून: एवढ्या चार गोष्टी फाइलीच्या डोक्यावर एका ओळीत लिहिल्या असत्या, तर यातले बहुतेक तंटे झालेच नसते.

आता या क्षेत्राची वाटचाल. संगणकावर आरेखन सुरू झाले तेव्हा प्रत्येक यंत्राची भाषा स्वतंत्र होती. दहा प्रणाली एकमेकींशी थेट बोलायच्या म्हटल्या तर नव्वद दुभाषे लागतात. सगळ्यांनी मध्ये एकच भाषा मानली तर वीस पुरतात. या साध्या हिशेबातून तटस्थ फाइलीची कल्पना निघाली. अमेरिकेत बोइंग, जनरल इलेक्ट्रिक आणि तिथली राष्ट्रीय मानक संस्था यांनी मिळून आयजेस हे स्वरूप १९८० मध्ये प्रसिद्ध केले. हा पहिला पंथ. त्याच्यावर पंचकार्डांच्या जमान्याची छाप होती. प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, आणि प्रत्येक मजकुराच्या आधी त्यात किती अक्षरे आहेत तो आकडा. कोणी मजकुरात एक अक्षर हाताने वाढवले किंवा गाळले आणि आधीचा आकडा तसाच ठेवला, तर पुढची वाचणी कोलमडे. तरीही जगभरच्या कारखान्यांनी पुढची कित्येक वर्षे पृष्ठभागांची देवाणघेवाण आयजेसवरच केली. त्याची शेवटची आवृत्ती १९९६ ची, आणि अजूनही कुठल्या तरी पुरवठादाराकडून तशी फाइल येतेच.

दुसरा पंथ ऑटोडेस्कचा. ऑटोकॅडची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८२ मध्ये आली आणि तिच्याबरोबरच डीएक्सएफ हे उघडे स्वरूप आले. तटस्थ समितीची वाट न पाहता एका कंपनीने आपल्या ड्रॉइंगची मांडणी जाहीर करून टाकली. डीएक्सएफ साध्या नोटपॅडमध्ये उघडते. एका ओळीवर संकेतांक, पुढच्या ओळीवर किंमत: ८ म्हणजे लेयर, १०, २० आणि ३० म्हणजे तीन सहनिर्देशक. आयटीआयच्या पोराला अर्ध्या तासात वाचता येते. त्याच्या शिरोभागात एकक सांगणारा एक छोटा चल असतो. त्यात ४ असेल तर मिलिमीटर, ६ असेल तर मीटर, आणि ० असेल तर कोणी काही सांगितलेलेच नाही. आपल्याकडे फिरणाऱ्या फाइलींत ते शून्य वारंवार भेटते. मीटरमध्ये काढलेला आराखडा मग दुसरीकडे मिलिमीटर समजला जातो आणि अख्खे गाव ताटाएवढे होऊन बसते. ऑटोकॅडच्या मूळ डीडब्ल्यूजी स्वरूपाची मांडणी मात्र कंपनीने जाहीर केली नाही. ते इतरांनी उकलून काढावे यासाठी १९९८ मध्ये एक वेगळी संघटना उभी राहिली, ती आज ओपन डिझाइन अलायन्स म्हणून ओळखली जाते.

तिसरा पंथ सर्वांत महत्त्वाकांक्षी. स्टेप, म्हणजे आयएसओ १०३०३. त्याचे काम १९८४ मध्ये सुरू झाले आणि पहिले भाग १९९० च्या दशकाच्या मध्याला बाहेर आले. रेघा आणि पृष्ठभाग यांच्या पलीकडे जाऊन वस्तूची रचना, आवृत्ती, सहिष्णुता, जोडणी, सगळे एका व्याकरणात बसवायचे, अशी ही झेप. २०१४ मध्ये आलेल्या एपी-२४२ या भागाने विमान आणि मोटार या दोन उद्योगांच्या आधीच्या दोन वाटा एकत्र केल्या. चाकणच्या किंवा नगरच्या एमआयडीसीतल्या पुरवठादाराला मोटार कंपनीकडून येणारी त्रिमितीय फाइल आज बहुधा स्टेपचीच असते. बांधकामात याच विचाराने आयएफसी आले, ते २०१३ मध्ये आयएसओ १६७३९ झाले. रस्ते आणि जमीन यांसाठी लँडएक्सएमएल आहे.

या सगळ्यांनी भूमिती सांभाळली. भूमितीमागचा हेतू कोणीच पुरता सांभाळला नाही, असे माझे मत आहे. डिझायनरने आधी ठोकळा काढला, मग भोक पाडले, भोकाचा व्यास जाडीच्या निम्मा ठेवला. स्टेपमधून पलीकडे ठोकळा पोचतो, भोकही पोचते. ‘निम्मा’ पोचत नाही. तयार भाकरी हाती यावी आणि पाणी किती, मीठ किती हे चाखून ओळखावे लागावे, तशी गत. ही चाखण्याची कला संगणकाला शिकवण्यात मुंबई-पुण्याचा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. गोदरेज समूहातल्या जिओमेट्रिक कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस फीचरवर्क्स हे साधन घडवले. बाहेरून आलेल्या मुक्या घनाकृतीतून भोके, फिती, गोलाई ओळखून ती सॉलिडवर्क्समध्ये पुन्हा बदलता येतील अशी करणे, हे त्याचे काम. परत आयात करण्याच्या या विद्येत मराठी माणसांनी केलेले काम मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात दडून गेले आहे.

चौथा पंथ म्हणतो, निर्यातच नको. सगळ्यांनी एकाच विदागारात, एकाच सॉफ्टवेअरमध्ये, एकाच आवृत्तीवर बसावे. ऐकायला छान वाटते. एअरबसच्या ए-३८० विमानाचे २००६ मधले रखडणे याच्या विरुद्ध दाखला म्हणून नेहमी दिले जाते आणि बाजूनेही. जर्मनी आणि स्पेनमधले गट कॅटिया या आरेखनाच्या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, फ्रान्स आणि ब्रिटनमधले पाचवी; विमानातल्या मैलोगणती तारांच्या आराखड्यात मेळ बसला नाही आणि हॅम्बुर्गहून आलेले जुडगे तुलूजमध्ये बसेनात. एकच आवृत्ती सक्तीची करा, असे काहींनी यावरून ठरवले. मी उलट धडा घेतो. एकाच कंपनीच्या एकाच सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांतही जर सीमा असते, तर जामखेडचा सर्व्हेअर, नगरचे सार्वजनिक बांधकाम खाते, पुण्याचा सल्लागार आणि परराज्यातला ठेकेदार यांच्यात ती राहणारच. ती नाहीशी होण्याची वाट बघण्यापेक्षा तिच्यावरून ये-जा कशी करावी, ते शिकलेले बरे.

आणि मग पाचवा पंथ, ज्याचे कोणी संमेलन भरवत नाही: टेबल. साधी सीएसव्ही किंवा टॅबने तोडलेली मजकूर-फाइल. मी स्वतः या पंथाचा. तालुक्याच्या पातळीवर अभियांत्रिकी माहिती खऱ्या अर्थाने ये-जा करते ती याच रूपात, आणि मराठीत याबद्दल लिहिलेले जवळपास नाही. म्हणून पुस्तकाचा मोठा भाग यालाच दिला आहे, हे मला पटते.

उदाहरण घेऊ. ऑटोकॅडमध्ये पाणीपुरवठ्याच्या आराखड्यावर प्रत्येक व्हॉल्व्ह हा एक ब्लॉक असतो आणि त्याला क्रमांक, व्यास, गट नंबर असे गुणधर्म जोडलेले असतात. शे-दोनशे ब्लॉक एकेक उघडून दुरुस्त करणे जिवावर येते. ऑटोकॅडमधल्या अ‍ॅटआउट या आज्ञेने हे गुणधर्म मजकूर-फाइलीत बाहेर काढता येतात, एक्सेलमध्ये दुरुस्त करता येतात आणि अ‍ॅटइन या आज्ञेने परत ड्रॉइंगमध्ये घेता येतात. परत येताना कोणता आकडा कोणत्या ब्लॉकला चिकटवायचा, हे संगणक पहिल्या रकान्यातल्या हँडलवरून ठरवतो. हँडल म्हणजे ड्रॉइंगमधल्या प्रत्येक वस्तूचा न बदलणारा ओळख-क्रमांक. तो सोळाच्या पायावरच्या अंकांत लिहितात, म्हणजे त्यात आकड्यांबरोबर रोमन ए ते एफ ही अक्षरेही येतात. एखादे हँडल ‘२ई५’ असे निघाले, की एक्सेल ते शास्त्रीय मांडणीतला आकडा समजून दोन लाख करून टाकते. फाइल परत घेतली की त्या व्हॉल्व्हची दुरुस्ती हवेत विरते आणि इतर सगळ्यांची बसते. यासाठीच अ‍ॅटआउट प्रत्येक हँडलच्या आधी एक उभे अवतरणचिन्ह टाकते. अनेकांना ते चिन्ह कचरा वाटते आणि ते ‘शोधा-बदला’ करून नीटनेटकेपणाने सगळीकडून काढून टाकतात. याच फाइलीत काही खान्यांत दोन कोनी कंस येतात. या ब्लॉकला हा गुणधर्मच नाही, असा त्याचा अर्थ. तेही भरायचे नसतात.

मराठी मुलुखाची आपली अशी अडचण गट नंबरांत आहे. पोटहिस्सा ३/२ असा लिहितो. एक्सेलला ती तारीख वाटते आणि खान्यात मार्च किंवा फेब्रुवारी उमटतो. सातबारा हा शब्द आकड्यांत लिहून पाहा. महिना-दिवसाच्या मांडणीप्रमाणे कुठे बारा जुलै, कुठे सात डिसेंबर हाती येईल. हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण एकदा फाइल जतन झाली की मूळ आकडा गेला. खाना मजकुराचा करून तो परत येत नाही. जगातल्या जनुकशास्त्रज्ञांना याच सवयीमुळे काही जनुकांची नावेच बदलावी लागली, २०२० मध्ये त्यांच्या नामकरण समितीने तसे नियम काढले. आपल्याला गावोगावचे पोटहिस्से बदलता येणार नाहीत. म्हणून रकाना आधी मजकुराचा ठरवून मगच फाइल आत घ्यायची, दोन वेळा टिचकी मारून उघडायची नाही, हा नियम पुस्तकात जागोजागी भेटेल.

स्वल्पविरामाचेही तेच. आपण ५,४९,६००.२५ असे लिहितो. सीएसव्हीमध्ये प्रत्येक स्वल्पविराम म्हणजे नवा रकाना, त्यामुळे एका आकड्याचे तीन होतात. ‘पांदण, पूर्वेकडील’ असे वर्णन लिहिले की पुढचे सगळे एक घर सरकते. देवनागरी आकडे तर बहुतेक अभियांत्रिकी सॉफ्टवेअर आकडे म्हणून मानतच नाही. ही प्रस्तावना देवनागरी आकड्यांत छापली आहे. पुस्तकाबरोबरच्या नमुना फाइलींत मात्र तो हट्ट धरलेला नाही, आणि ते योग्यच आहे.

मराठी मजकूर स्वतः एक प्रकरण आहे. युनिकोड सर्रास होण्याआधी कचेऱ्यांत श्रीलिपीसारखे फॉन्ट चालत. त्यांत ‘क’ दिसायचा, पण आत साठवलेले असायचे एखादे रोमन चिन्ह. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर शेतमालकाचे नाव गिचमिड होते. ड्रॉइंगमधली अशी नावे बाहेर काढली तर ती फक्त त्याच फॉन्टसह परत घेता येतात. युनिकोडने पुष्कळ सुटले, सगळे नाही. जुन्या डीएक्सएफमध्ये मजकूर संगणकाच्या स्थानिक सांकेतिक पृष्ठावर अवलंबून असे. २००७ च्या आवृत्तीपासून तो यूटीएफ-८ मध्ये लिहिला जातो, म्हणून निर्यात करताना त्याआधीची आवृत्ती निवडली तर मराठी धोक्यात येते. गावनकाशांसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या शेपफाइलीत रकान्याचे नाव दहा बाइटांत बसवावे लागते, आणि देवनागरीतला प्रत्येक वर्ण तीन बाइट खातो. ‘गट_क्रमांक’ आणि ‘गट_क्षेत्र’ असे दोन रकाने केले, तर दोन्ही कापले जाऊन ‘गट_क’ एवढेच उरते. कोणते क्षेत्र आणि कोणता क्रमांक, ते मग ज्योतिषाला विचारावे. मराठीप्रेमी म्हणून मला रकान्यांची नावे मराठीत हवीशी वाटतात. पण या एका जागी रोमन लिपीतले आखूड नाव ठेवावे आणि मराठी मथळा वेगळ्या फाइलीत द्यावा, हेच शहाणपण.

अचूकतेबद्दल दोन शब्द, कारण त्यात दोन्हीकडून चुका होतात. एक आणा म्हणजे ३३ फुटांचा सोळावा भाग, सुमारे ६३ सेंटीमीटर. आण्यात मोजलेल्या बांधाचे टिपण संगणकात भरले की सॉफ्टवेअर खुशाल आठ दशांश स्थळे लिहून बाहेर देते आणि पाहणाऱ्याला वाटते की बांध केसाइतका अचूक मोजला आहे. उलट बाजूला, रोव्हरने सेंटीमीटरात घेतलेल्या जागेचे अक्षांश कोणी चारच दशांश ठेवून पाठवले, तर अकरा मीटरची माती झाली. सेंटीमीटर टिकवायचा तर सात लागतात. दोन गटांमधल्या सामाईक दगडाचे आकडे दोन फाइलींत वेगवेगळे पूर्णांकित केले, की परत आणल्यावर दोन बांधांच्या मध्ये कोणाच्याच मालकीची नसलेली एक चिंचोळी फट उघडते. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, लोकांच्या तोंडी एकर-गुंठे. एक आर म्हणजे एक गुंठा असे सोयीने धरले जाते, पण गुंठा १०१.१७ चौरस मीटर भरतो आणि आर १००. रूपांतर निर्यातीच्या आधी एकदाच करावे, प्रत्येक फेरीत नाही. प्रत्येक फेरीत केले की थोडे थोडे झिजत जाते.

हे आत्ताच का? कारण कागद आणि जमीन यांच्या मधला माणूस कमी होत चालला आहे. पूर्वी नकाशा बिघडला तरी जुना मोजणीदार डोळ्याने सावरून घेई. आता रोव्हरचे बिंदू थेट नकाशात जातात, गावठाणांचे ड्रोनने नकाशे होतात, महाभूनकाशावर शेतकरी स्वतः आपला गट उघडून बघतो. शहरांत बांधकाम परवानगीसाठी आर्किटेक्टचे ड्रॉइंग यंत्रच तपासते. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीचे ऑटोडीसीआर पुणे महापालिकेने वापरायला घेतले, तेव्हापासून प्लॉटची हद्द, बांधकामाची रेषा, मोकळी जागा हे सगळे ठरलेल्या लेयरवर, ठरलेल्या नावाने काढणे हा परवानगीचाच भाग झाला. लेयरचे नाव चुकले तर उत्तम आराखडाही यंत्राला दिसत नाही. शिस्त वरवर किरकोळ, पण ड्रॉइंग हे आता माणसाने पाहायचे चित्र राहिले नसून यंत्राने वाचायची माहिती झाले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या हजारो लोकांना पहिल्यांदा तिथे कळली.

आणि एक काळाचा प्रश्न. अकोले तालुक्यातले भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. तेव्हाच्या धरणांचे नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर काढत, आणि तसे कापड नीट ठेवले तर शंभर वर्षांनीही पसरून वाचता येते. आज बांधलेल्या पुलाचा आराखडा शंभर वर्षांनी कोणी उघडायचा ठरवला, तर कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती त्याला मिळेल? विमान कंपन्यांनी यासाठी स्टेपवर आधारलेले दीर्घकालीन जतनाचे नियम केले आहेत. आपल्या पाटबंधाऱ्यांच्या आणि पुलांच्या नव्या आराखड्यांनाही शंभर वर्षांच्या हिशेबाने जतन करण्याची तितकीच गरज आहे. तूर्त निदान प्रत्येक आराखड्यासोबत बिंदूंची एक साधी मजकूर-यादी आणि एक पानाची माहिती ठेवली, तरी पुढच्यांवर उपकार होतील.

हे पुस्तक सॉफ्टवेअरचे मार्गदर्शन नाही. बटणे दर वर्षी बदलतात. लेखकांनी ती शक्य तितकी टाळली आहेत. त्यांनी एक कल्पित गट खर्ड्याच्या शिवारात ठेवला आहे, आणि तो टिपणातून ड्रॉइंगमध्ये, ड्रॉइंगमधून यादीत, यादीतून नकाशात आणि तिथून पुन्हा ड्रॉइंगमध्ये फिरवला आहे. प्रत्येक फेरीनंतर काय हरवले, ते मोजले आहे. ही मोजदाद मला पुस्तकाचे खरे बळ वाटते. यंत्रभागांची, विशेषतः स्टेपची, चर्चा तुलनेने आखूड आहे. कारखान्यात काम करणाऱ्या वाचकाला ती अपुरी वाटेल, आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटांच्या फाइलींना तर हातच लावलेला नाही. लेखकांनी तटस्थ स्वरूपांवर ठेवलेला विश्वासही माझ्या मते जरा अधिकच आहे. स्वरूप कितीही चांगले असो, त्यात शिरोभाग रिकामा ठेवणारा माणूस असतोच. या मुद्द्यावर त्यांचे-माझे बोलणे बरेच लांबले. त्यांनी मत बदलले नाही, पण प्रत्येक नमुना फाइलीबरोबर माहितीचे पान जोडले.

पुस्तक वाचताना नमुना फाइली आधी नोटपॅडमध्ये उघडाव्यात, एक्सेलमध्ये नंतर. पहिल्या वाचनात उंचीचे प्रकरण जड गेले तर ते ओलांडून टेबलांकडे यावे आणि मग परत जावे. सराव एकट्याने करू नये. आपण काढलेली फाइल दुसऱ्या गावातल्या, दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सोबत्याला द्यावी, फोन बंद ठेवावा, आणि त्याने परत पाठवलेल्या आराखड्यातल्या प्रत्येक दगडाचे आकडे मूळ यादीशेजारी ठेवून वजाबाकी करावी. शेवटच्या परिशिष्टातला कोरा तक्ता त्या वजाबाकीसाठीच छापला आहे.